व्हॉल्व्हचा टीव्ही

मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यानं तेच चित्र पुणे परिसरात पोचवायला सुरुवात केली. ज्या गडाला आम्ही तानाजीचा गड म्हणून हात जोडायचो, त्याच्याकडं तोंड करून आता अँटेना उभ्या राहिल्या. आमचं गाव खेड-शिवापूरच्या अंगाला. गड उघड्या डोळ्यांनी दिसतो, त्यामुळं लोखंडी पाइपावर अँटेना चढवली की चित्र यायचं. ओढ्यापलीकडची वाडी मात्र डोंगराच्या आडोशाला. तिथं पडद्यावर एका माणसाची दोन माणसं दिसायची. डोंगरावर आपटून आलेली लाट जराशी उशिरा पोचते, म्हणून असं दुहेरी चित्र उमटतं. लोक म्हणायचे, "वाडीच्या टीव्हीत भूत हाय."

गावात १९७६ च्या सुमाराला पहिला टीव्ही आला, तो आमच्या चुलत्यांच्या ओटीवर. त्यात थोडे ट्रान्झिस्टर होते, पण जड कामं व्हॉल्व्हच करायचे. पाठीमागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं की काचेच्या नळ्या चुलीतल्या निखाऱ्यागत लालसर दिसायच्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून व्हॉल्व्ह देशातच बनवायला घेतले होते. चुलते ते पुण्याला बुधवार पेठेत जाऊन आणायचे आणि एसटीतनं येताना पिशवी मांडीवरून खाली ठेवायचे नाहीत.

काकांचं शिक्षण सातवी. पुण्यात एका रेडिओच्या दुकानात उमेदवारी केलेली. इंग्रजी वाचायचे ते फक्त व्हॉल्व्हच्या काचेवरचं. 'पीएल ५०४' मधला 'पी' म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला ३०० मिलिअँपिअर प्रवाह लागणार. 'एल' म्हणजे ताकदीचं काम करणारा व्हॉल्व्ह. 'पी' गटातल्या सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा एकामागं एक जोडलेल्या असत, गणपतीतल्या दिव्यांच्या माळेसारख्या. एकाची तार तुटली की सगळी माळ विझायची. मग काका एकेक व्हॉल्व्ह काढून तपासत बसायचे.

बाकीचे बिघाड पडदाच सांगायचा. मधोमध एकच आडवी पांढरी रेघ राहिली, तर चित्र वर-खाली पसरवणारा भाग बंद. बहुतेक वेळा 'पीसीएल ८०५' गेलेला. आवाज आहे पण पडदा काळा, तर 'पीएल ५०४' आणि त्याच्या जोडीदारांकडं बघायचं. इथंच माझी गरज लागायची. आपल्याकडच्या चित्रात ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. तेवढ्याच कंपनांची एक बारीक शिट्टी संचातून येते. पोरांना ती ऐकू येते, उतारवयात कान ती सोडून देतो.

"आरं, शिट्टी येतीया का?"

"येतीया की, काका."

"मग रेषांचा भाग चालू हाय. पुढं बघू."

पण हात लावू द्यायचे नाहीत. अशा संचात वायरीचं एक टोक सरळ आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेलं असे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्ख्या सांगाड्यात २३० व्होल्ट. पिक्चर ट्यूबला तर १५,००० व्होल्टच्या वर दाब, आणि बटण बंद केलं तरी तो काही काळ ट्यूबमध्ये साठून राहतो. म्हणून काका आधी टेस्टर लावून बघायचे, आणि काम करताना डावा हात कमरेमागं ठेवायचे. दोन्ही हात आत गेले तर झटका छातीतनं जातो, हे त्यांना पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं.

संध्याकाळी आणखी एक गंमत. 'आमची माती आमची माणसं' बघायला गाव जमायचं आणि त्याच वेळी विहिरींवरच्या मोटरी चालू असायच्या. वीज इतकी मंद व्हायची की चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसायचं. कोणीतरी ओरडायचं, "मोटर बंद करा रं कुणीतरी!" शेतकऱ्यांचा कार्यक्रम शेतकऱ्यांच्याच मोटरींनी अरुंद केलेला.

१९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं. पुढच्या काही वर्षांत बिनव्हॉल्व्हचे हलके संच घरोघर झाले. आत निखारे नाहीत, बोट दाखवून सांगता येईल असं काही नाही. काका पंपाच्या मोटरी भरायला लागले. हातातलं एवढं ज्ञान पंधरा वर्षांच्या आत बिनकामाचं झालं, आणि त्याला कुणी विद्या म्हटलंही नाही.

काका गेल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "दादा, खोकं सागवानी हाय. आत नवा पडदा बसवू, झ्याक दिसंल." मी महिनाभराची मुदत मागितली. आधी झाकण उघडलं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला काकांच्या पेन्सिलीनं नोंदी होत्या: कुठला व्हॉल्व्ह, कुठली तारीख. त्यात 'पीएल ५०४, ५ नोव्हेंबर १९८४'. दोनच दिवस आधी इंदिरा गांधींची अंत्ययात्रा गावानं दिवसभर ह्याच पडद्यावर पाहिली होती. आमच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्या दिवसाची ओळ नाही, इथं आहे.

जुना संच एकदम विजेला लावायचा नसतो. आतले कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात; ते बदलले. फिल्टरचे मोठे कंडेन्सरही नवे घातले. मग १०० वॉटचा बल्ब मध्ये सिरीजला लावून वीज दिली, म्हणजे आत कुठं शॉर्ट असला तर बल्ब उजळेल, संच जळणार नाही. बल्ब मंदच राहिला. तो काढून सरळ वीज दिली. व्हॉल्व्ह तांबडे झाले. मला काही ऐकू येईना. भावाची नात कानावर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, केवढी शिट्टी वाजतीय!"

हवेतनं घेण्याजोगं चित्र आता गडावरनं येत नाही. डीव्हीडीचं चित्र मॉड्युलेटरमधून अँटेनाच्या तारेत सोडलं. भावानं बराच वेळ बघितलं आणि नव्या पडद्याचा विषय परत काढला नाही. संच वर्षातून एकदा, गणपतीत, अर्धाच तास लावतो. व्हॉल्व्ह शोधले तर अजून मिळतात, पण पिक्चर ट्यूब झिजली की तशी दुसरी बनवणारं कोणी उरलेलं नाही.