नांव लपविलेला कथाकार

पिंपरी येथें 1954 सालीं पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि पुढें भोसरी, चिंचवड, चाकण असा यंत्रांचा संसार पसरत गेला. या टापूंतील सुशिक्षित घरांत मुलांनीं विज्ञान शिकावें ही हौस मोठी. परंतु विज्ञानाची गोष्ट म्हणजे बालकांची करमणूक, असा समज आम्हींही पुष्कळ दिवस बाळगला होता. तो समज मोडणाऱ्या जयंत विष्णु नारळीकरांच्या कथालेखनाचा आरंभ मोठा मौजेचा आहे.

नारळीकर 1938 सालीं कोल्हापुरास जन्मले. वडील काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या विदुषी. केंब्रिजमध्यें त्यांस फ्रेड हॉइल हे गुरु लाभले. हॉइल महाशय ताऱ्यांचें गणित सोडवीत असतां कादंबऱ्याही लिहीत. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' 1957 सालीं निघाली. आपल्याकडे शास्त्राच्या प्राध्यापकानें गोष्ट लिहिली तर सहकारी नाकें मुरडतात; आमच्या धंद्याची ही खोड जुनीच आहे.

1972 सालीं ते स्वदेशीं परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रुजू झाले. 1974 सालीं मराठी विज्ञान परिषदेनें विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली. नारळीकरांस पद्मभूषण 1965 सालींच मिळालें होतें. एवढें नांव पाहून परीक्षक दबून जातील, या शंकेनें त्यांनीं आपलीं आद्याक्षरें उलटीं फिरविलीं आणि 'नारायण विनायक जगताप' या नांवानें 'कृष्णविवर' ही कथा धाडली. हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून ती पत्नीकडून उतरवून घेतली. पहिलें पारितोषिक जगतापांस मिळालें!

मराठींत अशी कथा पूर्वीं नव्हतीच असें नव्हे, श्री. बा. रानडे यांची 'तारेचें हास्य' 1915 सालची. परंतु ती वाट रुळली नव्हती. 1975 सालीं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत अध्यक्षा दुर्गा भागवत यांनीं या नव्या लेखनाचें स्वागत केलें; 1979 सालीं 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला.

त्यांचीं पात्रें कधीं कधीं फळ्यापुढें उभें राहून बोलल्यासारखीं बोलतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र खरें शास्त्र कोठें संपलें व कल्पना कोठें सुरू झाली, याविषयीं ते वाचकाला फसवीत नाहींत. भुताखेतांस विज्ञानाचा अंगरखा चढविणाऱ्यांहून ते येथेंच वेगळे पडतात.

2021 सालीं नाशिकच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें, तें उघड नांवानें. 20 मे 2025 रोजीं ते पुण्यास निवर्तले.