पोलाद, सूर आणि व्हिसा

भिलाईत बदलीवर असताना सोव्हिएत तज्ज्ञांच्या आठवणी सांगणारे जुने कामगार भेटत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी उभय देशांत करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेथे आलेल्या प्रत्येक परदेशी अभियंत्याच्या पाठीशी दोन सरकारे उभी होती. दहा लाख टन पोलादाच्या हिशेबात त्याचीही नोंद सहज बसे. मग पोलादाऐवजी सूर वा चित्र घेऊन अल्पकाळासाठी येणाऱ्या परदेशी माणसाची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, असा प्रश्न मला अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी म्हणून पडे.

उत्तरासाठी मुंबईकडे वळावे लागते. कार्ल्सबाड येथे जन्मलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ च्या फेब्रुवारीत तेथे उतरले. भारतच का, याचे त्यांनी दिलेले कारण अगदी कारकुनी होते : येथला व्हिसा सहज मिळत होता. बेत थोड्या दिवसांचा होता, मुक्काम बारा वर्षांचा झाला. युरोपातील परिस्थिती पाहता परतीचा रस्ताच उरला नव्हता. त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली, चित्रपटांना संगीत दिले, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. आपल्या पिढीची सकाळ ज्या संकेतधुनीने उजाडत असे, ती त्यांचीच मानली जाते.

त्याच वर्षी हिमांशू राय व देविकाराणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व छायालेखक योसेफ विर्शिंग जर्मनीहून आले. यांच्या पाठीशी केवळ एका स्टुडिओचा शब्द होता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि ‘अछूत कन्या’चे हे कर्ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरून नजरकैदेत गेले. (ऑस्टेन नात्सी पक्षाचे सदस्य होते, हेही नोंदवले पाहिजे; सरकारची शंका सर्वस्वी निराधार नव्हती.) परंतु कायद्याची फूटपट्टी पारपत्रावर चाले, माणसावर नव्हे. विर्शिंग युद्धानंतर येथेच राहिले; १९४९ च्या ‘महल’मधील छायाप्रकाश त्यांचाच. १९६७ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. ‘पाकीजा’ पडद्यावर आला तो १९७२ मध्ये, त्यांच्या पश्चात.

१९३९ चा परकीय नोंदणी कायदा व १९४६ चा परकीय नागरिक कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालले. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांची जागा नव्या कायद्याने घेतली आहे. मधल्या काळात, २०१० च्या सुमारास, रोजगार व्हिसासाठी वार्षिक २५,००० डॉलर वेतनाची किमान अट आली. परदेशी पाककृती रांधणारे आचारी, भाषाशिक्षक व दुभाषी यांना तीतून सूट होती. या यादीत भिलाईचा दुभाषी निर्धास्त बसला असता. कॉफमन यांना मात्र आधी आपला पगार सांगावा लागला असता.