मॅकबेथची बायको आणि राणी ग्रुओख

स्मरणिकेसाठी आपणही चार ओळी लिहाव्यात, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वर्षभर मनात घोळत असलेला एक विषय भगिनींपुढे ठेवते. उणेअधिक पदरात घ्यावे.

शेक्सपियरचे 'मॅकबेथ' हे शोकांत नाटक वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट' या नावाने मराठीत आणले. ते वाचल्यावर मी मुलीला मूळ गोष्ट विचारली. ती इंग्रजी घेऊन बी. ए. करते. तिने सांगितले ते असे : स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ कचरतो, बायको त्याला टोचून टोचून तयार करते. घरी पाहुणा आलेला म्हातारा राजा डंकन झोपेत मारला जातो. पुढे तीच बाई रात्री झोपेत चालते, हाताला न दिसणारे रक्त धुऊ पाहते आणि अखेर मरते.

मी म्हटले, "शेवटी भोगलेच तिने!"

मुलगी म्हणाली, "आई, अगं ही राणी खरीच होऊन गेली. पण तिची हकीकत वेगळी आहे." मग तिने पुस्तके आणून वाचून दाखवले, ते माझ्या शब्दांत लिहिते.

राणीचे नाव ग्रुओख. नाटकात तिला स्वतःचे नावच नाही. ती नुसती मॅकबेथची बायको. खरी ग्रुओख राजा केनेथच्या कुळातली. तिचा पहिला नवरा मॉरे प्रांताचा अधिपती. १०३२ साली तो पन्नास माणसांसह जाळला गेला. पुढच्याच वर्षी तिच्या माहेरच्या एका पुरुषाला राजा दुसरा माल्कम याने मारले. हा माल्कम म्हणजे डंकनचा आजोबा. ग्रुओखच्या पदरी लुलाख नावाचा मुलगा होता. मॅकबेथने या विधवेशी लग्न केले. नाटकात मात्र या जोडप्याचे मूल कोठेच दिसत नाही.

डंकनही म्हातारा नव्हता. तो सैन्य घेऊन मॉरेवर चालून गेला आणि १०४० साली एल्गिन गावाजवळच्या लढाईत मॅकबेथकडून मारला गेला, असे इतिहासकार मानतात. त्यानंतर मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले. १०५० साली तो रोमच्या यात्रेला गेला व तेथे बी पेरावे तसा गोरगरिबांत पैसा वाटला. लॉख लेव्हन तळ्यातल्या मठाच्या साधूंना या दोघांनी जमीन दान दिली. त्या दानपत्रात राजाबरोबर राणी ग्रुओखचे नाव आहे, तेही तिच्या वडिलांच्या नावासह. १०५७ साली डंकनच्या मुलाने मॅकबेथला मारले. गादीवर लुलाख बसला, पण १०५८ मध्ये तोही मारला गेला.

मग नाटकातली बाई आली कोठून? नाटक १६०६ च्या सुमाराचे. स्कॉटलंडचा राजा जेम्स १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आला होता, आणि त्याचे घराणे नाटकातल्या बँको सरदाराचे वंशज समजले जाई. तेव्हा बँकोला मारणारा मॅकबेथ काळाकुट्ट रंगवणे सोयीचेच होते. शेक्सपियरपुढे होलिनशेडची बखर होती. पाहुण्या राजाला झोपेत मारल्याची गोष्ट त्या बखरीत आहे. पण तो राजा दुसरा, डफ नावाचा, आणि नवऱ्याला चिथावणारी बायकोही दुसऱ्याच सरदाराची! तिचे पाप नाटकात ग्रुओखच्या पदरात पडले.

नाटक थोर आहे, यात शंका नाही. मॅकबेथने गादीसाठी रक्त सांडले, हेही खरे. पण पुरुषांच्या भाऊबंदकीत दोष बाईच्या माथी मारणे आपल्याकडेही नवे नाही. 'ध' चा 'मा' म्हटले की आपल्याला आनंदीबाई आठवतात. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी दोषी धरले ते राघोबादादांना.

आता घरचे सांगते. आमच्या घरची वाटणी झाली. बांधावरून भांडले दोघे भाऊ, कागदावर सह्याही त्यांनीच केल्या. पण "थोरलीने घर फोडले" असे गावाने म्हटले आणि मीही म्हटले. हळदीकुंकवाला बायकांत बसून किती वेळा म्हटले, त्याची गणती नाही. जाऊबाई त्या दिवशी ओसरीवरसुद्धा आल्या नव्हत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. पण सांगितले मात्र कोणालाच नाही.

ग्रुओखची गोष्ट ऐकली त्या रात्री मला झोप आली नाही. संक्रांतीला नऊ वर्षांनी त्यांच्या दारी तिळगूळ घेऊन गेले. जे बोलले होते ते कबूल केले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आत ये. चहा टाकते."

भगिनींनो, ग्रुओखचा कलंक पुसायला साडेनऊशे वर्षांपूर्वीचे दानपत्र तरी आहे. आपल्या आळीतल्या बायकांचे तसे काही लिहिलेले नसते. त्यांच्याबद्दल आपण जे बोलतो, तेवढेच मागे राहते. म्हणून बोलताना जपावे, एवढीच विनंती.