पिवळ्या कागदाचं कूळ

हळदीच्या दुसऱ्या दिवशी लग्नघरातल्या धुण्याच्या दगडावर एक गोंधळ ठरलेला असतो. पांढऱ्या सदऱ्यावरचा पिवळा डाग काढायला कुणी नवखा साबण चोळतो आणि डाग जायच्या ऐवजी रक्तासारखा लाल होतो. भंडाऱ्याकडच्या एखाद्या घरी अशा वेळी ओसरीवरूनच आजीचा आवाज येतो, "साबन नोको लावू, हरद लाल होते!" झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो आणि 'ण'चा 'न'. त्यामुळे आमची हळद ही हरद. पुस्तकी मराठीला हे उच्चार गावंढळ वाटतात, पण संस्कृत हरिद्रेच्या शेजारी 'हळद' आणि 'हरद' उभे करून बघा. थोरल्या घरचं कोण दिसतं ते तुम्हीच ठरवा.

आजीला पुढचंही ठाऊक असतं. साबण पाण्यात निघून गेला की लाल पुन्हा पिवळा होतो, आणि उरलेल्या पिवळ्याला दोन-तीन दिवसांचं ऊन पुरतं. आम्लारी, म्हणजे क्षार, हा शब्द तिच्या कानावरून गेलेला नसतो. नियम मात्र पाठ असतो.

हाच डाग कागदावर मुद्दाम पाडला की मुलांचा खेळ होतो. एनसीईआरटीच्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात (२००७) आम्ल आणि आम्लारीच्या धड्यात तो दिलेला आहे: पांढऱ्या कागदाला हळदीचा लेप द्या, वाळवा, मग साबणाच्या पाण्यात कापसाची काडी बुडवून फूल काढा आणि आईला वाढदिवसाचं पत्र द्या. दोन-तीन ओळींत कृती संपते. पण घरी करून पाहिल्याशिवाय तिच्या खाचाखोचा कळत नाहीत.

पहिली खोच पाण्याची. हळदीतला रंग म्हणजे करक्युमिन, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पाण्यात कालवलेली हळद कागदावर बसते, पण वाळली की पिठासारखी झडते आणि ओट्यावर, फ्रॉकवर, मांजरावर जाते. त्यापेक्षा हळद थोड्या स्पिरिटमध्ये भिजवून ठेवावी. तासाभराने वरचं निवळ घेतलं की कागद एकसारखा, गुळगुळीत पिवळा होतो. स्पिरिट मोठ्या माणसाने ओतायचं आणि शेगडी तेव्हा बंद असायला हवी, हे सांगून ठेवतो. कागद सावलीत वाळवायचा, कारण उन्हात करक्युमिन उडतं. सदऱ्याला वाचवणारं ऊन इथे वैरी असतं.

दुसरी खोच शाईची. खाण्याच्या सोड्याने जेमतेम नारिंगी उमटतं. करक्युमिनचा रंग पीएच ७.४ ते ८.६ च्या दरम्यान पालटतो आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी त्या उंबरठ्यावरच घुटमळतं. धुण्याचा सोडा ठळक लिहितो. कपड्याच्या साबणाची वडीही चालते. सगळ्यांत गडद अक्षर येतं ते चुन्याच्या निवळीने, आणि चुना तर विदर्भात शोधावा लागत नाही. खर्रा घोटणारा पानठेला जिथे आहे तिथे तो आहे. फक्त निवळी मोठ्यांनी काढून द्यावी, चुना डोळ्यात गेला तर खेळ दवाखान्यात संपतो.

तिसरी खोच मुलंच शोधतात. लिंबाने लिहून बघतात आणि काहीच दिसत नाही. हळद लिंबाला ओळखत नाही. आम्ल आणि साधं पाणी तिला सारखंच पिवळं. मग कुणीतरी आधी सगळा कागद सोड्याने लाल करतं आणि त्यावर लिंबाने लिहितं. लालावर पिवळी अक्षरं उठतात. ही युक्ती सापडली त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातली चार लिंबं संपली आणि वरणात पिळायला एक उरलं नाही.

आता कूळ. पाठ्यपुस्तकात या कागदाचा थोरला भाऊ म्हणजे लिटमस. निळा, लाल, बाटलीत बंद, परदेशी नावाचा. लिटमस काढतात तो लायकेन या वर्गातल्या वनस्पतीसदृश जिवांपासून, आणि त्यांचा एक सोयरा आपल्या गोड्या मसाल्यात रोज पडतो: दगडफूल. म्हणजे बाटलीतला भाऊही तसा मसाल्याच्या डब्याच्या नात्यातलाच. रंगावरून आम्ल ओळखायची रीत लिहून मांडली ती इंग्लंडच्या रॉबर्ट बॉइलने, १६६४ च्या रंगांवरच्या त्याच्या ग्रंथात. त्याचं एक साधन होतं व्हायोलेटच्या फुलांचा पाक. आम्लाने तो तांबडा व्हायचा, क्षाराने हिरवा. औषधवाल्याच्या दुकानातलं सरबतच ते. युरोपातलं रसायनशास्त्रही असं फडताळातूनच बाहेर आलं.

आपली हळद मसाल्याच्या आणि रंगाच्या व्यापारातून तिकडे पोचली. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलतिए या दोघांनी तिच्यातला पिवळा पदार्थ वेगळा काढला. त्याची नेमकी रचना ठरायला १९१० उजाडलं; ते काम पोलिश रसायनशास्त्रज्ञांचं. मधल्या काळात हळदीचा कागद प्रयोगशाळेतला नेहमीचा जिन्नस झाला होता. १८३३ मध्ये मायकल फॅरडे विजेने लवणं फोडत होता तेव्हा त्याच्या टेबलावर लिटमसच्या जोडीला हळदीचे कागद होते. मिठाच्या जातीतल्या सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवलेल्या कागदावर विजेच्या एका टोकाशी तांबूस ठिपका उमटला की तिथे क्षार तयार झाला, हे त्याला कळायचं. लंडनमधल्या त्या ठिपक्यात आणि आमच्या धुण्याच्या दगडावरच्या डागात रसायनाचा काहीही फरक नाही. फरक एवढाच की फॅरडेने ठिपक्याला प्रश्न विचारला आणि आपण डागाला शिवी दिली.

तिथून हा कागद परत आला तो शाळेच्या वाटेने, आणि बराच उशिरा. आमच्या पिढीच्या शाळेत विज्ञान फळ्यावरच घडायचं. मी शिकलो त्या एका शाळेत लिटमसची बाटली कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बदली होऊन गेलेल्या गुरुजींबरोबर गेली होती. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत एक वेगळा प्रयोग सुरू झाला: मुलांनी स्वस्त, आसपास मिळणाऱ्या वस्तूंनी प्रयोग स्वतः करायचे आणि उत्तरं स्वतः लिहायची. होशंगाबाद आणि भंडारा हे १९५६ पर्यंत एकाच राज्यातले जिल्हे, जुन्या मध्य प्रांतातले. तिथली हवा इकडे यायला वास्तविक वेळ लागू नये. याच होशंगाबादच्या कामात १९७८ मध्ये तरुण अभियंता अरविंद गुप्ता पोचले आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी आगकाड्या, झाकणं, सायकलच्या नळ्या यांची खेळणी देशभर नेली. त्या लाटेनंतर पाठ्यपुस्तकांत जास्वंद आली, हळद आली, कोबी आला. आईच्या वाढदिवसाचं पत्र हे त्याच घराण्यातलं वाटतं.

पण मला या कागदाचं खरं माहेर कुंकवाच्या करंड्यात दिसतं.

जुनं कुंकू हळदीचंच. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार यांत मुरवायचं, सावलीत वाळवायचं, कुटायचं आणि वस्त्रगाळ करायचं. पंढरपूरसारख्या क्षेत्राच्या गावी हा धंदाच होता. आता या कृतीकडे रसायनाच्या नजरेने पाहा. हळद लाल करायला क्षार हवा हे ठीक, मग त्यात लिंबू कशाला? आत्ताच तर मुलांनी लिंबाने लाल पुसून दाखवलं! चुन्याने किंवा सोड्याने लाल केलेली हळद लिंबू लागताच पिवळी पडायला हवी.

गोम टाकणखारात आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. आम्लाच्या संगतीत त्यातलं बोरॉन मोकळं होतं आणि करक्युमिनला जाऊन बिलगतं. तयार होणारा लाल रंग सोड्याच्या लालासारखा पाहुणा नसतो. तो लिंबाला भीत नाही, उलट लिंबामुळेच येतो. कुंकू करणाऱ्यांनी हळदीला लाल करण्याच्या दोन वाटांपैकी टिकाऊ वाट निवडली होती. प्रयोगशाळेत हीच वाट बोरॉन शोधायला वापरतात. दूध टिकावं म्हणून कुणी त्यात बोरिक आम्ल मिसळलं असेल तर त्या दुधात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हळदीचा कागद बुडवतात. कागद लाल झाला तर संशय, आणि त्यावर अमोनियाचा थेंब टाकल्यावर तो काळपट हिरवा झाला तर खात्री. भेसळ पकडणारा हा कागद आणि देव्हाऱ्यातला करंडा एकाच रसायनाची दोन रूपं आहेत, हे मला पन्नाशीत कळलं. आज बाजारात मिळणारं बहुतेक कुंकू कृत्रिम रंगाचं असतं. घरच्या कुंकवावर साबणाचं पाणी टाकून बघायला गेलात तर ते काहीच बोलणार नाही, त्याला हळदीचं बोलणं येत नाही.

ओघात आलं म्हणून सांगतो: जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने दिलेल्या लढ्यामुळे. त्या लढाईत जुने ग्रंथ पुरावा म्हणून गेले. कुंकवाच्या पाककृतीसाठी कुणी भांडलं नाही, कारण ती चोरायला कुणी आलं नाही. ती आपोआपच विसरली गेली.

आणि आता गावाच्या नावाकडे. भंडाऱ्याचा माणूस देशावर गेला की जेजुरीची आठवण काढणारं कुणीतरी भेटतंच: खंडोबावर उधळतात ती हळद म्हणजे भंडारा, तेव्हा तुमचं गाव हळदीचं असेल! ऐकायला गोड आहे, पण तसं नाही. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या १११४ च्या शिलालेखात 'भाणार' असं नाव येतं. गावात ते भाण म्हणजे भांड्यांशी जोडून सांगतात, आणि पितळेच्या भांड्यांचं गाव म्हणून भंडाऱ्याची ओळख अजून पुसलेली नाही.

योगायोगाने हळदीच्या प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग त्या पितळेतच आहे. काळवंडलेलं पितळ चिंचेने घासतात, कारण चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्याच्या ऑक्साइडचा थर विरघळवतं. त्यावर राख फिरवली तर ती कोणती हे महत्त्वाचं. चुलीतल्या लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तिचं पाणी गाळून हळदीच्या कागदावर टाकलं की लाल रेघ उमटते. भाताच्या तुसाची राख बहुतांश सिलिका. ती क्षार म्हणून कमी आणि बारीक वाळू म्हणून जास्त कामाला येते. आमच्याकडच्या तुमसरच्या भातगिरण्यांजवळ वाढलेल्या मुलांना या दोन्ही राखा घरबसल्या मिळतात. एका संध्याकाळी चिंच, दोन्ही राखा, साबण, पेज आणि ताक असे सहा थेंब एका पिवळ्या कागदावर ओळीने टाकले तर धडा पुरा होतो. चिंच, पेज आणि ताक कागदाला पालटू शकत नाहीत, आणि मुलं त्याच तीन थेंबांकडे जास्त वेळ टक लावून बसतात.

पत्राबद्दल एक सांगायचं राहिलं. चुन्याच्या निवळीने लिहिलेलं अक्षर फार दिवस लाल राहत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना खडू होतो, क्षार ओसरतो आणि अक्षर हळूहळू पिवळ्यात बुडतं. सोड्याचं थोडं जास्त तगतं, पण उजेडात कागदच फिकटतो. माझ्या भाचीने आपल्या आईसाठी केलेलं पत्र दिवाळीपर्यंत फ्रिजवर कोरं दिसू लागलं होतं. मग तिने ओलसर कापसावर सोडा घेऊन त्यावरून फिरवला. अख्खा कागद लाल झाला, आणि जुनं 'आई' त्यात कुठे होतं ते कुणालाच सापडलं नाही.