बिल मागताना कोणते इंग्रजी बोलावे?

मोठ्या उपाहारगृहात मेन्यूकार्डावर बोट ठेवून पदार्थ मागवता येतात. खरी अडचण येते ती बिल देताना. बिलात काही चूक दिसली, तरी योग्य वाक्य न सुचल्याने अनेक जण निमूटपणे पैसे देऊन बाहेर पडतात. हे टाळण्यासाठी मोजकी वाक्ये पुरेशी आहेत.

मराठीत 'बिल द्या' असे म्हटले, तरी 'द्या' या आदरार्थी रूपामुळे ते उद्धट वाटत नाही. इंग्रजीत तशी सोय नाही. त्यामुळे 'गिव्ह मी बिल' हे शब्दशः भाषांतर हुकमासारखे ऐकू येते. त्याऐवजी 'कुड वी हॅव द बिल, प्लीज?' असे विचारावे. अमेरिकेत बिलाला 'चेक' म्हणतात. तेथे 'बिल' या शब्दाचा अर्थ चलनी नोट असाही होतो.

पैसे देण्यापूर्वी 'डू यू टेक कार्ड्स?' असे विचारून घ्यावे. सर्वांचे बिल आपण देणार असू, तर 'इट्स ऑन मी' म्हणावे. खर्च वाटून घ्यायचा असल्यास 'लेट्स स्प्लिट द बिल' हे वाक्य वापरावे. सुटे पैसे वेटरला ठेवायला सांगताना 'प्लीज कीप द चेंज' म्हणतात.

न मागवलेला पदार्थ बिलात आढळल्यास 'एक्स्क्यूज मी, वी डिडन्ट ऑर्डर धिस' असे शांतपणे सांगावे. बेरीज चुकली असल्यास 'आय थिंक देअर इज अ मिस्टेक इन द बिल' म्हणावे. 'आय थिंक' या दोन शब्दांमुळे आरोपाचा सूर राहत नाही.

भारतात 'सर्व्हिस चार्ज' आणि 'जीएसटी' यांतील फरक लक्षात घ्यावा. जीएसटी हा सरकारी कर असून तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. तो बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली. म्हणून 'प्लीज रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज' असे म्हणण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

अमेरिकेत रिवाज वेगळा आहे. तेथे बिलाच्या १५ ते २० टक्के टिप देण्याची प्रथा आहे. टिप मिळणाऱ्या कर्मचाऱ्यांना मालकाने द्यायचे केंद्रीय किमान वेतन १९९१पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. त्यामुळे अनेक राज्यांत वेटरची मिळकत मुख्यतः टिपवर अवलंबून असते. ब्रिटनमध्ये 'इज सर्व्हिस इन्क्लूडेड?' असे आधी विचारावे, म्हणजे दोनदा टिप दिली जाणार नाही.

व्याकरणात एखादी चूक झाली, तरी बिघडत नाही. बिल वाचून, प्रश्न विचारून मगच पैसे द्यावेत.