शेरा लिहिला, पुढे काय?

मी सॉफ्टवेअरवाला, पण सध्या काम करतोय ते पुलांच्या तपासणीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका प्रणालीवर. त्यामुळे पूल तपासणाऱ्या इंजिनिअर मंडळींशी रोजचा संबंध येतो. हातोडीने काँक्रीट ठोकून आवाज ऐकणारी, क्रेनच्या पाळण्यात बसून पुलाच्या पोटाखाली जाणारी ही माणसं. त्यांची नियमावली समजून घेताना एक गोष्ट जाणवली. इथे अमेरिकेत त्यातला जवळजवळ प्रत्येक मोठा नियम एखादा पूल पडल्यावर आलेला आहे.

सुरुवात सिल्व्हर ब्रिजपासून. ओहायो नदीवरचा, वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायो ही राज्यं जोडणारा हा झुलता पूल १९२८ चा. तो तारांच्या दोरांवर नव्हे, तर टोकाला भोक असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला होता. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, नाताळच्या खरेदीची गर्दी असताना, तो कोसळला. ४६ माणसं गेली. कारण काय, तर एका पट्टीच्या भोकाच्या आतल्या बाजूला पडलेली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर. जोड उघडल्याशिवाय ती दिसणंच शक्य नव्हतं.

तोवर देशभर लागू होईल असा तपासणीचा नियमच नव्हता! १९६८ साली कायदा झाला, १९७१ मध्ये राष्ट्रीय मानकं आली आणि सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची झाली.

पुढे २८ जून १९८३ ला कनेक्टिकटमध्ये मायानस नदीवरच्या पुलाचा एक गाळा पडला, तिघे गेले. मग ठरलं की जो एक भाग तुटला तर पूल पडू शकतो, तो हाताच्या अंतरावरून तपासायचा. ५ एप्रिल १९८७ ला न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकच्या पुरात खांबाखालची माती वाहून गेली आणि दहा जण गेले. मग पाणबुडे खाली उतरू लागले. म्हणजे काय बघायचं, हे दर वेळी माणसांच्या जिवावर शिकलो.

पण खरी मेख पुढेच आहे. २८ जानेवारी २०२२ ला पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल बससकट खाली आला. सुदैवाने कोणी दगावलं नाही. इथे लपलेली चीर वगैरे काही नव्हती. कचऱ्याने पाण्याचा निचरा तुंबला होता, ओल राहून पुलाचे पोलादी पाय गंजले होते. तपासणी वेळेवर होत होती. 'स्थिती वाईट' हा शेरा २०११ पासून होता आणि दुरुस्तीच्या शिफारशी वर्षानुवर्षं केल्या जात होत्या. मायानसलासुद्धा गटारांची तोंडं बुजवल्यामुळेच पाणी जोडांवर झिरपून गंज चढला होता. ३९ वर्षांनी पुन्हा तेच पाणी आणि तोच गंज!

हे फक्त इथलंच रडगाणं नाही. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली पडला, चौघे गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. आपल्यापैकी कितीतरी जण पावसाळ्यात त्या बाजूला फिरायला गेले असतील.

आमच्या धंद्यात सर्व्हर सारखा इशारा देत राहिला की लोक तो इशाराच बंद करतात. पुलाचंही तसंच होतं. सिल्व्हर ब्रिजचं दुखणं दिसत नव्हतं, म्हणून तपासणी आली. आता दुखणं दिसतं, लिहिलंही जातं, पण गटार साफ करायला कोणी जात नाही. नव्या पुलाची फीत कापायला पुढारी येतात, तुंबलेलं गटार उपसण्याचा समारंभ होत नाही ना!

तपासणाऱ्याचं काम शेरा लिहिण्यापाशी संपतं. त्यानंतरचं काम ज्याच्या हातात पैसा आणि सही आहे त्याचं. इथले पुलांचे शेरे सगळ्यांना बघायला खुले असतात. आपण रोज ज्या पुलावरून ऑफिसला जातो त्याचा शेरा एकदा बघा, आणि तो वाईट असेल तर नगरपालिकेच्या सभेत उठून विचारा: शेरा मिळाला, पुढे काय?