मिठाच्या पाण्याच्या बादलीपासून बनियनपर्यंत

अंगात घातलेलं कापडच हृदयाचे ठोके मोजतं, श्वास मोजतं, ही गोष्ट ऐकायला एकदम नवी वाटते. पण तिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो समजून घ्यायचा तर सुरुवात कापडापासून नाही, बादलीपासून करावी लागते.

हॉलंडमधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोव्हेन नावाचे शास्त्रज्ञ होते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी हृदयाची वीज नोंदवणारं यंत्र उभं केलं. आज आपण ज्याला ईसीजी म्हणतो, त्याचा हा मूळपुरुष. वजन सुमारे 270 किलो, आणि चालवायला पाच माणसं! रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. का? तर कोरडी कातडी विजेला सहजासहजी वाट देत नाही, खारं पाणी देतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी इथेच परत यायचं आहे.

आता एवढं अवजड यंत्र रुग्णालयात नेणार कसं? आइन्थोव्हेननी टेलिफोनच्या तारेतून दीड किलोमीटर अंतरावरच्या रुग्णालयातले ठोके आपल्या प्रयोगशाळेत नोंदवले. या कामाबद्दल 1924 सालचं नोबेल त्यांना मिळालं.

पण एक अडचण राहिलीच. हृदय काही डॉक्टरांची वेळ घेऊन बिघडत नाही. दवाखान्यात पट्टी काढली तेव्हा सगळं ठीक, आणि घरी जिना चढताना छातीत धडधड! म्हणजे नोंद घ्यायची तर माणूस हिंडत-फिरत असतानाच घ्यायला हवी. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले नॉर्मन होल्टर यांनी हे मनावर घेतलं. 1947 मध्ये त्यांचं यंत्र तयार झालं ते पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन होतं जवळपास 38 किलो. धान्याचं पोतं पाठीवर घेऊन फिरण्यासारखंच झालं की हे! पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्र लहान होत गेलं, आणि 1961 मध्ये होल्टर यांनी आपली पद्धत 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. आज आपल्याकडचे डॉक्टरसुद्धा "होल्टर लावून घ्या" म्हणतात, ते याच माणसाचं नाव.

यंत्र अंगावर आलं, पण कपडा अजून कपडाच होता. तो बदलला 1996 नंतर, आणि कारण होतं युद्ध. जखमी सैनिकाला पहिल्या तासाभरात उपचार मिळाले तर तो वाचण्याची शक्यता बरीच वाढते. पण एकाच वेळी अनेकजण पडले असतील, तर आधी कोणाकडे धावायचं? अमेरिकी नौदलाच्या पैशावर अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये यावर काम सुरू झालं. प्रमुख होते सुंदरेसन जयरामन. मद्रासला शिकलेले, आणि विषय वस्त्रतंत्र. म्हणजे हा प्रश्न विणकाम जाणणाऱ्या माणसाच्या हाती गेला, आणि तेच महत्त्वाचं ठरलं.

कारण खरी गोम विणकामातच होती. कापडात गोल-गोल फिरत जाणारा एकच प्रकाशवाहक धागा घालायचा. एका टोकाने सोडलेला प्रकाश दुसऱ्या टोकाला पोचला नाही, तर समजायचं की गोळी आरपार गेली आणि धागा तुटला. पण शिंपी काय करतो? कापड कापतो, मुंढा कातरतो, मग शिवतो. इथे कात्री लागली की धागा तुटलाच! म्हणून त्यांनी बनियनसारखा अख्खा कपडा मुंढ्यासकट मागावरच विणून काढण्याची पद्धत बसवली. सोबत वीजवाहक धाग्यांचं जाळं विणलं. ठोके, श्वास मोजणारे संवेदक त्या जाळ्याला बटणासारखे लावायचे आणि धुताना काढून ठेवायचे. याचं नाव 'वेअरेबल मदरबोर्ड'. सैनिकासाठी निघालेल्या याच कल्पनेतून पुढे तान्ह्या बाळांचा कपडाही तयार झाला.

मग तो आपल्या कपाटात का नाही? त्याचा पहिला नमुना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, दुकानात नाही. याचं उत्तर त्या बादलीत आहे. ठोके नीट टिपायचे तर धागा कातडीला चिकटून हवा आणि मधे थोडा ओलावा हवा. सैल कपडा हलला की नोंदीत खरखर येते. 2002 मध्ये युरोपात 'वेल्दी' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात ताणल्या जाणाऱ्या होजिअरीच्या विणीत स्टेनलेस स्टीलचे बारीक धागे घातले, तरी कातडीपाशी ओलसर जेलचा थर द्यावा लागलाच. आइन्थोव्हेनचं मिठाचं पाणीच म्हणा ना ते, फक्त पातळ झालेलं!

आणि कपड्याचा धर्मच असा, की त्याने घाम सोसावा, पिळून घ्यावं, उन्हात वाळावं. मनगटावरच्या घड्याळाला असं पिळून घ्यावं लागत नाही, म्हणून बाजार आज घड्याळाकडे गेला. मात्र मनगट छातीच्या जवळ नाही. श्वासागणिक छाती किती फुलते, हे छातीवरचं कापड थेट मोजू शकतं. 2019 मध्ये कॅनडाच्या अंतराळवीराने अंतराळ स्थानकात असा सदरा घातला, तो याचसाठी.

तेव्हा यंत्र लहान होत गेलं हा या इतिहासाचा अर्धाच भाग झाला. 270 किलोंचं यंत्र खिशात मावेल इतकं करणं जमलं. पण कापडाला कापडच राहू देऊन त्याला बोलतं करणं, हे काम अजून मागावरच आहे.